तुळशीचा पहिला मजला

मी नवनाथ. सिल्वासात, आमलीला, एका इंजिनिअरच्या ऑफिसात इमारतींच्या सळयांची ड्रॉइंग काढतो. म्हणजे काढत होतो. आता माझा प्रोग्राम काढतो आणि मी खुर्चीला टेकून त्याच्याकडे बापाच्या कौतुकाने बघतो. कॉम्प्युटरमध्ये इमारत उभी करायची, बटण दाबायचं, की प्रत्येक कॉलममध्ये सळया रिंगांसकट आपोआप जाऊन बसतात. कॉलमला 'वर मजला आहे' अशी खूण असेल तर सळया वर सोडायच्या, नसेल तर टोकं आत वाकवून संपवायच्या, हेही तोच ठरवतो. हा प्रोग्राम कधी चुकत नाही, असं मी चहावाल्याला, न्हाव्याला आणि घरी रोज जेवताना सांगत असे. कुणी विचारलेलं नसताना.

आप्पांनी खेरडीला घर बांधायला काढलं. खडोलीच्या धाग्याच्या कंपनीत त्यांची हयात गेली, आणि आम्ही अजून चाळीत. सळयांचं काम अर्थातच माझ्याकडे. त्यांची मागणी एकच होती. "गच्चीवर सळया सोडजो. वरचा मजला तुझा." आमच्याकडे गच्चीवर सळया दिसल्या, की पोरगा इथंच राहणार, हे अख्ख्या गल्लीला कळतं. त्या सळयांवर लोक बाटल्या उलट्या घालून ठेवतात आणि वर्षानुवर्षं वाट बघतात. आईला अंगणात तुळशीवृंदावन हवं होतं, तेही पक्कं.

त्याच सुमारास पुण्याच्या कंपनीने मला नोकरी देऊ केली. घरी सगळ्यांना ते ठाऊक होतं. मी त्यांना नकार कळवून टाकला, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मला आप्पांजवळ राहायचं होतं. पण ते साधं सरळ सांगेन तर मी कसला? वास्तुशांतीला, पाहुण्यांच्या पंगतीत, थाटात जाहीर करायचं मी ठरवलं होतं. भाषणही तयार होतं.

घराचं बटण मी दाबलं आणि ड्रॉइंग न उघडताच साइटवर पाठवून दिलं. आपल्याच प्रोग्रामचं काम तपासायचं म्हणजे मला अपमान वाटला.

रविवारी सकाळी साइटवर गेलो. पाया भरून झाला होता, कॉलमच्या सळया उभ्या होत्या, काँक्रीट अजून पडायचं होतं. प्रत्येक कॉलमच्या सळया शेंड्याला आत वाकवलेल्या. आप्पा खाली उभे राहून वर बघत होते.

"पुण्याला कधी जाऊ राह्यला?" त्यांनी विचारलं.

"कोण? मी? आप्पा, मी कुठंच जात नाही!"

"सळया तर बंद करून टाकल्या तू."

"चूक झाली! वर मजला आहे हे मी प्रोग्रामला सांगायचंच विसरलो."

"तुझा प्रोग्राम तर चुकत नाही," आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "जाय तू. पोरांनी जायाचंच असतं. पण तोंडाने सांगतास, तर बरं वाटलं असतं."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! मी गाढव आहे हे पटवून द्यायला मी आयुष्यात पहिल्यांदाच तळमळत होतो आणि सगळी साक्ष माझ्याविरुद्ध होती. पुण्याला नाही म्हटलं, असंही सांगून पाहिलं. "उगं मन राखायला बोलू नको," म्हणाले.

तेवढ्यात अंगणातून आईची हाक आली. "नवनाथ, हे काय रे केलं तू?"

आम्ही गेलो. वृंदावनाचा कंबरेएवढा सांगाडा उभा होता आणि त्याच्या चारही कोपऱ्यांतून जाडजूड सळया माझ्या डोक्याच्याही वर गेल्या होत्या. सळया बांधणारा बारकू बाजूला उभा होता. "ड्रॉइंगमध्ये तसंच आहे, साहेब," तो म्हणाला.

मला सगळं आठवलं. वृंदावन नव्याने काढायचा कंटाळा आला, म्हणून एका कारखान्याचा तळमजल्याचा कॉलम उचलून मी तो बुटका आणि रुंद केला होता. 'वर मजला आहे' ही खूण त्याला तशीच चिकटून आली होती.

"म्हणजे तुळशीला वरचा मजला?" आप्पांनी विचारलं.

"हो."

"आन् तो तू मुद्दाम नाही ठेवला?"

"आप्पा, कुणी मुद्दाम ठेवील का?"

त्यांनी वृंदावनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वृंदावनाची एक सळई हलवून पाहिली. ती चांगली मजबूत होती. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी गमछाने डोळे पुसले. आईही हसत होती. माझं भाषण गेलं, इज्जत गेली, आणि मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

"बारकू," आप्पांनी आवाज दिला, "कॉलमच्या सळयांना जोड लाव, वरपर्यंत जाऊ दे. पोरगा खरंच गाढव आहे. इथंच ऱ्हाणार आहे."