दारातलं ‘बरें आसा’

“मावशे, झील शेवटचो केन्ना येवन गेलो?” रुक्मिणीने मुलाबद्दल विचारलं आणि जीभ चावली.

गोव्यातल्या चोपड्याच्या चंद्रावतीमावशीचा सुंगटं सोलणारा हात कोळंबीच्या सालांवर थांबला. “चवथीक येतां म्हणालो. पूण बोटीर रजाच गावली ना.”

“जेवताना बरोबर कोण आसता?”

“कोण आसतलो? माजर.”

मेल्या ऑफिसला ही दुर्बुद्धी कुठून सुचली, कोण जाणे. पेडण्याची रुक्मिणी नवरा गेल्यापासून गावोगाव फिरून हे पाहणीचं काम करायची. मागच्या फेरीत पहिलाच प्रश्न होता, आयुष्यात एकूण समाधानी आहात का? मावशीने उंबऱ्यावरच पाचपैकी पाच देऊन टाकले होते. दारात आलेल्या माणसाला आपल्यात कोण वाईट सांगतो? ‘बरें आसा’ म्हणायचं आणि बसायला कदेल पुढे करायची. यंदा पणजीच्या साहेबांनी तोच प्रश्न शेवटाला नेला. आधी मुलगा, मग जेवण, मग दुखण्याखुपण्याला कोण. सगळं उकरून झाल्यावर समाधान विचारायचं. आणि मोबाइलवरचा फॉर्म तर क्रम मोडूच देईना.

रुक्मिणीने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. बाई कशीबशी मन सावरून राहिलीय, ते मोडायचं पाप आपल्या हातून नको.

“आतां पुरो, मावशे. उरलेलें मागीर.”

“मागीर कित्याक? विचार गो. हें म्हाका कोण विचारता?”

मग मावशीच बोलत सुटली. तापात पडली होती तेव्हा पेज करून द्यायलासुद्धा कोणी नव्हतं, तेही सांगून झालं. शेवटचा, समाधानाचा प्रश्न आला तेव्हा तिने लिहून घ्यायला मोबाइलकडे बोट दाखवलं.

“दोन बरय. त्या फावटीं पांच सांगिल्ले, तूं दारांत उबी आशिल्ली म्हणून.”

रुक्मिणीला वाटलं होतं, आता ही रडणार. पण मावशी हलकी झाल्यासारखी उठली आणि सोललेली सुंगटं पानात बांधून तिच्या हातात दिली. “रातीं कर. घरांत कोण आसा?”

“हांव एकटीच,” रुक्मिणी म्हणाली. तिला हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन तिने सुंगटांना मीठ-हळद लावली, तेवढ्यात बंगळुरूहून तनयाचा फोन आला. लेकीचा पहिला प्रश्न नेहमीचाच.

“आई, बरी आसा मगे?”

“बरी आसां गो,” तोंडून निघूनसुद्धा गेलं.

“तर फोन दवरतां हां, मीटिंग आसा.”

फोन बंद झाला. रुक्मिणी हळदीच्या हाताने तो तसाच कानाशी धरून उभी राहिली. लेकीने आणखी एक प्रश्न विचारला असता, तर ती खरं सांगणार होती.