प्रभूमार्फत

अठ्ठावन्नाव्या वर्षी कांजिण्या येणं ही काही कौतुकानं सांगण्यासारखी गोष्ट नाही. लोक तोंडावर हळहळतात आणि फाटकाबाहेर गेले की हसतात. त्या हसण्याचं मला फारसं काही वाटलं नसतं. माझा संताप होता तो खोलीवरून, कारण त्या खोलीत दुसरी खाट प्रेमानंदची होती.

प्रेमानंद माझा धाकटा भाऊ. शरणपुरात आमची दोघांची घरं एकाच आवारात आहेत, मधे एक कडुनिंब. अठ्ठ्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यापर्यंत चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. मार्चमध्ये मालेगावला नात्यातलं एक लग्न होतं. तिथं एक तापलेलं तान्हं मूल मांडवभर सगळ्यांच्या मांडीवर फिरत होतं. मी त्याला घेतलं तेव्हा प्रेमानंद मांडवाच्या पार त्या टोकाला होता. इतकं अंतर राखूनही पुरळ मात्र दोघांना बरोबरच उठलं.

माझी सून छाया तेव्हा गरोदर होती. डॉक्टरांनी बजावलं, हिच्या वाऱ्यालाही यांनी उभं राहायचं नाही. माझी बायको साधना आणि प्रेमानंदची बायको सुवार्ता या दोघी जावा कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. नवरे बोलत नसले तरी त्यांचं गूळपीठ कायम होतं. दोघींनी उभ्या उभ्याच निकाल लावला. आवाराच्या मागच्या बाजूला आईची खोली रिकामी पडली होती, तिथं दोघांनाही टाकायचं.

"एकच रोग आहे, दोन खोल्या कशाला अडवायच्या?" साधना म्हणाली.

"मी त्याच्याबरोबर राहणार नाही."

"मग राहा छायाजवळ."

उशी काखेत मारून मी खोलीत गेलो.

भांडण कशावरून होतं तेही सांगतो, म्हणजे माझी बाजू कळेल. आमची आई, बयाबाई, गेली तेव्हा आम्ही कबरीवर संगमरवरी पाटी बसवली. तिच्यावर नाव आणि खाली बायबलातलं एक वचन कोरायचं होतं. मी म्हटलं, मेंढपाळाचं वचन घालू, आईला ते तोंडपाठ होतं. प्रेमानंद म्हणाला, नाही, लढाई जिंकल्याचं घालू, आई आयुष्यभर लढली. मी म्हटलं, ती लढली ती तुझ्यापायी. हे वाक्य ऐकलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तरुणपणी हा घर सोडून मुंबईला पळाला होता आणि दोन वर्षं आईनं त्याची वाट पाहण्यात काढली होती, हे सगळ्या शरणपुराला ठाऊक होतं. मी काही नवं बोललो नव्हतो. पण त्या दिवसापासून त्यानं तोंड फिरवलं, मग मीही फिरवलं.

पाथरवट दरवर्षी येऊन हात हलवत परत जायचा. पाटी कोरीच राहिली. आमच्याकडे पुनरुत्थान दिनाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधी माणसं कबरी झाडून त्यांना चुना लावतात, आणि त्या दिवशी पहाटे मेणबत्त्या घेऊन कबरस्थानात जातात. सगळ्या रांगेत आमची आई तेवढी बिननावाची. आम्ही दोघं भाऊ कबरीच्या दोन बाजूंना उभे राहून आपापली मेणबत्ती लावायचो आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी यायचो.

तर ती खोली. वर पत्रे, पंखा एक. प्रेमानंदला तो गरगरा फिरलेला हवा, आणि मला वाऱ्यानं अंग चुरचुरायचं. बोलायचं तर नाही. पण मोठ्यानं प्रार्थना करायला कोणाची बंदी होती? ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चची घंटा वाजली तसा मी उठून बसलो आणि डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या, ज्यांना स्वतःच्या गारव्यापुढे दुसऱ्याचं अंग दिसत नाही, त्यांना तू समज दे."

समोरून 'आमेन' आलं नाही. जरा वेळानं खाकरणं ऐकू आलं.

"हे प्रभू, असल्या उन्हात पंखा बंद करणाऱ्यांवर दया कर. थोरलेपणाच्या जोरावर त्यांनी सगळं आयुष्य असंच काढलं आहे, हे तुला ठाऊकच आहे."

तेव्हापासून आमचा सगळा व्यवहार प्रभूमार्फत चालला. घोरणं, पाण्याचा माठ, वर्तमानपत्राचं आधी कोणी उघडलेलं पान, सगळं त्याच्या कानावर गेलं. संध्याकाळी दोघी जावा खिडकीबाहेर खुर्च्या टाकून कौटुंबिक प्रार्थनेला बसायच्या. आमची पाळी आली की तोंडाला पदर लावायच्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

त्या उठून गेल्या की मी खरी प्रार्थना करायचो, मनातल्या मनात, आणि तीही काही गोड नव्हती. प्रभू, तूही रानात एकटा राहिलास, उपाशी राहिलास, सैतानानं तुला छळलं, सगळं कबूल. पण तुला निदान एकट्याला राहू दिलं होतं. तुझ्या समोरच्या खाटेवर तुझा भाऊ नव्हता. आणि हा आजार द्यायला तुला हाच आठवडा बरा सापडला. वर्षभरात मंडळीपुढे उभं राहायची माझी हीच एक वेळ असते.

ते खरंच होतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या चर्चमध्ये येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. तहानेचा उद्गार कित्येक वर्षं माझ्याकडे होता. यंदा तो तरुण संघाच्या सेक्रेटरीला दिला. दुपारी कर्ण्यावरून त्याचा आवाज खोलीत येत होता आणि मी दातओठ खात ऐकत होतो. तहान म्हणजे काय हे सांगताना तो धरणावर गेला, टँकरवर गेला, क्रूसाकडे काही येईना.

तेवढ्यात समोरून प्रेमानंद म्हणाला, "पाणी."

त्याचा ताप सकाळपासून चढला होता, घशातही फोड आले होते. पण तो 'प्रभू' वगैरे काही म्हणाला नव्हता. नुसतं पाणी म्हणाला होता. ते कोणाला उद्देशून होतं, हे आमच्या रीतीत बसत नव्हतं, म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली. मग माझीच मला चीड आली. उठलो, माठातून पेला भरला, त्याच्या मानेखाली हात घालून त्याला पाजला. मान तव्यासारखी तापली होती. तो पाणी प्याला, भिंतीकडे वळला आणि पुटपुटू लागला.

"प्रभू, शेवटी मी तिच्याजवळ नव्हतो. तिनं मला माफ केलं होतं का, एवढं सांग. ती सगळं माझ्यापायीच सोसत होती का?"

आईच्या शेवटच्या घटकेला मी तिच्याजवळ होतो. उत्तर मला ठाऊक होतं. पण प्रश्न प्रभूला होता, मला नव्हता. मी खाटेवर पडून झोपेचं सोंग घेतलं. कर्ण्यावर सहावा उद्गार सुरू झाला, सातवाही झाला, माझ्या कानात त्यातलं काही शिरलं नाही.

रविवारी उजाडायच्या आधी प्रभातफेरी निघाली. टाळ, ढोलकी, गाणी. एकेका घरापुढे थांबून मंडळी हाक द्यायची, "प्रभू उठला आहे", आणि आतून उत्तर यायचं, "खरोखर उठला आहे". आमच्या फाटकापाशी आल्यावर गाणं हळू झालं आणि पुढं गेलं. चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांना सांगून ठेवलं असणार. मी उत्तर द्यायला घसा साफ करून बसलो होतो. मग बायका मेणबत्त्या घेऊन कबरस्थानाकडे गेल्या. जाताना बाहेरून कडी लावून गेल्या, जसे काही आम्ही पळून जाणार होतो.

प्रेमानंदचा ताप उतरला होता. तो पाय खाली सोडून बसला होता, तोंडभर खपल्या. मलाही आरशाची गरज नव्हती. मला वाटलं, पहिल्या वेळीही असंच तर झालं होतं. बाया पहाटे येशूच्या कबरीवर गेल्या आणि शिष्य म्हणवणारे पुरुष दार लावून आत बसले. ते निदान भीतीनं बसले होते. आपण कांजिण्यांनी बसलोय.

उन्हं वर आली तेव्हा दोघी जावा खिडकीशी आल्या.

"पाटी कोरून घेतली," साधना म्हणाली.

माझा विश्वास बसेना. "कोणी?"

"आम्ही. कालच पाथरवटाला नेलं. तुम्ही दोघं बाहेर असता तर तो याही वर्षी तसाच परत गेला असता."

"वचन कुठलं?" मी आणि प्रेमानंदनं एकदमच विचारलं.

"वचन नाही. नुसतं बयाबाई," सुवार्ता म्हणाली. "खाली जागा सोडलीय. तुमचं आटोपलं की सांगा."

मला भयंकर राग आला. आम्हाला न विचारता. आमच्या आईची पाटी. मी प्रेमानंदकडे पाहिलं तर तोही लाल झाला होता. चार वर्षांत एखाद्या गोष्टीवर आमचं एकमत व्हायची ती पहिलीच वेळ. पण दोघी पदर खोचून चहाला निघूनही गेल्या होत्या.

उपासना आटोपून पाळकसाहेब आले, आजाऱ्यांसाठी प्रभुभोजन घेऊन. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी पांढरं फडकं पसरलं, त्यावर भाकर आणि प्याला ठेवला. मग रीतीप्रमाणे विचारलं, "तुमच्या मनात एकमेकांविषयी काही नाही ना?"

दरवर्षी मंडळीसमोर हा प्रश्न होतो आणि दरवर्षी सगळे खाली बघतात. मीही फरशीकडे बघत 'नाही' म्हणणार होतो.

"आहे," प्रेमानंद म्हणाला. त्यानं डोळे मिटले नव्हते. तो सरळ माझ्याकडे बघत होता. "दादा, आई माझ्यापायी लढली, असं तू म्हणालास. ते ती म्हणाली होती, की ते तुझं होतं?"

पाळकसाहेबांचा हात प्याल्यावरच थांबला. सवयीनं माझे हात जुळले, डोळे मिटले.

"हे प्रभू, तुला सर्व माहीत आहे—"

"त्याला आहे माहीत," प्रेमानंद म्हणाला. "मला नाही. मला सांग."

मी डोळे उघडले. पन्नाशी उलटलेला माझा भाऊ तोंडभर खपल्या घेऊन माझ्यासमोर बसला होता.

"ती असं कधीच म्हणाली नाही," मी म्हणालो. "शेवटपर्यंत विचारत होती, प्रेमा जेवला का."