राजम्याची उशी

फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी मंजिरीने प्राचीसमोर आलेख ठेवला. चार महिन्यांपूर्वी रोज चौदापर्यंत चढणारी रेघ आता तीन आठवडे शून्यावर होती.

"अभिनंदन," मंजिरी म्हणाली. "एकवीस दिवसांत उर्वीने एकदाही तुम्हाला धडक मारलेली नाही."

प्राचीने आलेख पाहिला. परदेशीपुऱ्यातल्या या थेरपी केंद्रात ती सोमवार ते शनिवार रोज मुलीला घेऊन येत असे. उर्वी सहा वर्षांची, बोलत नव्हती. पळत येऊन आईच्या गळ्याखाली कपाळ दाबायची, इतक्या जोराने की ऑक्टोबरमध्ये तिचं डोकं हनुवटीवर आपटून प्राचीचा पुढचा दात तुटला. मंजिरी बिहेवियर अ‍ॅनालिस्ट. वागणं मोजायचं आणि बदलायचं हे तिचं काम. धडक आली की तोंड फिरवा, बोलू नका, हात लावू नका, असं तिने सांगितलं होतं. प्राचीने नियम एकदाही मोडला नाही.

"मॅडम, पूरा झिरोच करायचं होतं का?" प्राचीने विचारलं. "मतलब, दिवसातनं एखाददुसरं राहिलं असतं तर?"

"दात तुटला होता तुमचा."

"हो ना. पण ती यायची तर माझ्याकडेच. आता मी सोफ्यावर बसलेली असते आणि ती समोरून निघून जाते. जशी मी कुणी पाहुणी."

मंजिरीच्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. प्राचीला थांबायला सांगून ती समोरच्या खोलीत गेली. तिथे झोपाळा, गाद्या आणि संबोधी. महूहून रोज बसने येणारी संबोधी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती; मुलाच्या शरीराला काय हवंय ते ओळखून रोजच्या कामांची तयारी करून घ्यायची. दोन वर्षं दोघींचे दरवाजे समोरासमोर होते, फाइली वेगळ्या.

"काय भिया, आज इकडे?" मंजिरीला चिडवायचं असलं की संबोधी तिला भिया, म्हणजे भाऊ, म्हणे. "टेबल सोडून चक्क गादीवर?"

"उर्वीची फाइल दे. आणि बडबड कम कर."

फाइलमध्ये राजमा भरलेल्या जड उशीची नोंद होती. उर्वी त्या उशीत कपाळ दाबते: ऑक्टोबरमध्ये तासाला दोनदा, जानेवारीत वीसदा. तशीच एक उशी प्राचीने घरी शिवून घेतली होती. खाली संबोधीच्या अक्षरात शेरा होता, 'चांगली प्रगती'.

मंजिरीने आपला आलेख शेजारी ठेवला. त्याच आठवड्यांत एक रेघ उतरली होती, दुसरी चढली होती.

"म्हणजे थांबलं काहीच नाही," ती म्हणाली. "फक्त आईची जागा उशीने घेतली."

संबोधी गादीवर बसली. "तिला दाब हवा होता. तुझ्या सांगण्यावरून आईने तोंड फिरवलं, तेवढ्यात मी उशी पुढे केली. आणि दोघींनी प्रगती लिहिली."

"मी तुला विचारायला हवं होतं."

"मी पण कुठे विचारलं?"

त्या दुपारी पहिल्यांदाच दोघींनी एकाच कागदावर योजना लिहिली. प्राचीने भिंतीला टेकून चटईवर बसायचं, उशी छातीशी धरायची. घरी किंवा केंद्रात उशी दुसरीकडे कुठेच ठेवायची नाही. उर्वी पळत आली तर हात पुढे करून तिला थांबवायचं. सावकाश आली तर तोंड फिरवायचं नाही. दोन्ही तळव्यांनी तिचे खांदे दाबायचे.

चार दिवस उर्वीने उशीकडे पाहिलं आणि ती झोपाळ्याकडे गेली. प्राची पूर्ण वेळ चटईवर बसून राहिली. पाणी प्यायलासुद्धा उठली नाही.

पाचव्या दिवशी, शनिवारी, उर्वी चालत आली. उभी राहिली. मग वाकून तिने उशीवर कपाळ टेकवलं आणि दाबलं. प्राचीचे तळवे तिच्या खांद्यांवर आले. मंजिरीने सेकंद मोजले: अकरा. मग उर्वी उठली आणि झोपाळ्यावर जाऊन बसली.

"तिचं डोकं गरम असतं," प्राची हळूच म्हणाली. "उशीतूनही कळलं. मी विसरलेच होते." मग घाईने, "उद्यापासून उशी नको ना आता?"

"नाही!" दोघी एकदमच म्हणाल्या.

"एकदम काढली तर ती पुन्हा जोरात धडकेल, नाहीतर येणारच नाही," संबोधी म्हणाली. "रोज एक मूठ राजमा कमी करा. एकच. आणि तो शिजवत बसू नका, चार महिन्यांचा झालाय."

रविवारी दुपारी प्राचीने घरच्या उशीच्या कोपऱ्याची शिवण उसवली. एक मूठ राजमा ताटलीत काढला. हात पुन्हा आत गेला, मूठ भरली. ती मूठ तिने बराच वेळ आतच धरून ठेवली, मग सोडून दिली. दोरा ओवून शिवण घातली.

शिवून झाल्यावर तिने उशी छातीशी धरली आणि बाहेरून तळहाताने दाबून पाहिलं. अजून खूप जाड होती.