खुराड्यामागची काळी राख

मित्रांनो, मी उत्तनची एक जुनी कोंबडी आहे. ज्या वयात आमच्या जातीचा रस्सा होतो, ते वय मी केव्हाच ओलांडलं. अंडी उबवावीत तर मीच, अशी माझ्या मालकीण बर्नडेट मावशींची खात्री होती. एकवीस दिवस मी जागची हलत नसे आणि माझी पिल्लं पुढे गल्लीभर दादागिरी करत. त्याचा मला ताठा होता, खोटं कशाला बोलू?

आम्ही कोंबड्या राखेत लोळतो, म्हणजे अंगावरच्या उवा झडतात. पाणी तापवायच्या चुलीतली लाकडाची राख मावशी आमच्यासाठी खुराड्यामागे ओतायच्या. मग घरात गिझर आला आणि चूल बंद झाली. मावशींचे यजमान मायकेल काशीमीऱ्याच्या गॅरेजमधून ट्रकच्या जुन्या तारा आणून प्लास्टिकच्या आतलं तांबं काढायला परसात जाळत. तीच काळी राख मावशींनी आम्हाला दिली.

"राखच हाय ना, कोंबड्यांना चालंल," त्या म्हणाल्या.

मी मजेत लोळले. दाणे टिपताना राख पोटातही गेली. मला काहीच झालं नाही.

पण त्यानंतरची पिल्लं मरगळलेलीच निघाली. कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची साथ आली आणि नऊच्या नऊ गेली.

"दोनदा लस दिली व्हती, डॉक्टर. मंग असं कसं झालं?" मावशींनी विचारलं.

जनावरांच्या डॉक्टर संपदाताईंनी एक मेलेलं पिल्लू उघडून पाहिलं. "शेपटीजवळ ही पिशवी असते ना, रोगाशी लढायची ताकद इथे तयार होते. हिची वाढच झालेली नाही." मग त्यांची नजर राखेवर गेली. "मावशी, प्लास्टिक जाळताय? त्यातलं विष कोंबडीच्या चरबीत साठतं, तिथून अंड्यात उतरतं. पिल्लाचे हार्मोन्स बिघडतात. तपासायला पाठवते, पण मला हाच संशय आहे. या कोंबडीला तिच्या अंड्यांवर बसवू नका."

मी सगळं ऐकलं. माझ्या पिल्लांना मांजराने नेलं नव्हतं, घारीने नेलं नव्हतं. ते विष माझ्याच अंगातून त्यांना गेलं होतं.

तारा जाळणं थांबलं, राखही उचलली गेली. पण माझ्या अंगातली कोण उचलणार? मावशी रोज माझं अंडं काढून नेऊ लागल्या. तरीही मी सात अंडी मासेमारीच्या जाळ्यांच्या ढिगामागे लपवली आणि त्यांच्यावर बसले. खुडूक झालेल्या कोंबडीला शहाणपण कोण शिकवणार?

मित्रांनो, काही पेटवण्याआधी त्याची राख कोणाच्या पोटात जाईल, एवढं एकदा बघा. आज एकविसावा दिवस आहे. एका अंड्यातून टकटक ऐकू येते आहे आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी म्हणते आहे, बाळा, इतक्यात बाहेर येऊ नकोस.