कोरडी फरशी

“दंड आहे हा माझा, ओलं पायपुसणं नाही पिळायला,” आई पुटपुटली.

रक्तदाबाचा पट्टा फुगत चालला होता आणि सिस्टर हसू दाबून यंत्राकडे बघत होती. लेक खाटेला चिकटून बसली होती, म्हणून तिलाही ते ऐकू आलं. पर्समध्ये काहीतरी शोधायचं निमित्त करून तिने मान खाली घातली. आईची कुरकुर ऐकली की हल्ली तिला भरून यायचं. मागचं अख्खं वर्ष आईने चहा गार झाला म्हणूनही तक्रार केली नव्हती. समोर ठेवलेला कप साय धरेपर्यंत तसाच राहायचा आणि कुणीतरी तो गुपचूप उचलून न्यायचं.

मग हे औषध सुरू झालं. केटामाइन. नाव ऐकून धाकटा भाऊ दचकला होता. “हे भूल द्यायचं ना?” “तेच, पण अगदी थोडं,” डॉक्टर म्हणाली होती. या इस्पितळात त्या एकाच औषधाचे दोन अभ्यास चालले होते. खालच्या मजल्यावर जुनाट दुखण्याचा, वरच्या मजल्यावर गोळ्यांना दाद न देणाऱ्या नैराश्याचा. आईला खालच्या मजल्यावर घेतलं होतं, कारण आई गॅलरीतून पडली होती. मोडलेली कंबर सांधली, पण दुखणं मुक्कामालाच राहिलं. आई वर्षभर ज्या गोळ्या घेत होती, त्यांना घरात ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणत. कसली ताकद, हे कुणी विचारत नसे.

सलाइनमधून औषध उतरायला लागलं की आई डोळे मिटून म्हणायची, “खाटेसकट तरंगतेय गं.” दुसऱ्या खेपेनंतर घरी जाऊन तिने सुनेच्या नव्या पडद्यांना नावं ठेवली. सून आत जाऊन रडली आणि मग बाहेर येऊन नणंदेला फोनवर म्हणाली, “अहो ताई, आई मला बोलल्या!” दोघी फोनवरच हसत सुटल्या होत्या.

डॉक्टर आत आली. आज तिच्यामागे सलाइनची बाटली नव्हती.

“आजी, दुखणं किती? दहापैकी?”

“सात.”

“पहिल्या दिवशीही सातच होतं.”

“मग? कंबर तीच आहे ना?”

डॉक्टरने खुर्ची ओढली. “दुखण्यावर टिकणारा फरक कुणातच फारसा दिसला नाही. हा अभ्यास बंद होतोय. आज फक्त तपासणी.”

“म्हणजे औषध नाही?” लेकीने विचारलं.

“नाही.”

“पण ती बोलतेय! जेवते. आज स्वतःचे केस स्वतः विंचरून आलीय. हे दिसत नाही तुम्हाला?”

“दिसतंय, ताई. पण आम्ही दुखणं मोजत होतो.”

“आणि माणूस? तो कुठल्या मजल्यावर मोजतात?”

आवाज इतका चढला की पडद्यापलीकडच्या खाटेवरची कुजबुज थांबली. भिंतीला टेकून उभा असलेला धाकटा पुढे झाला. “ताई, हळू. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत! तुला सारखी लोकांचीच पडलेली असते.”

डॉक्टर चिडली नाही. त्यामुळे लेकीचा संताप आणखी भडकला.

“वरच्या मजल्यावरचा अभ्यास चालू आहे,” डॉक्टर म्हणाली. “तिथे मी आजींसाठी शब्द टाकू शकते. पण तिथल्या लोकांना खरं कळायला हवं. पहिल्या दिवशी मी तुम्हा दोघांना विचारलं होतं, आजी उदास असतात का, जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचं मनात येतं का. तुम्ही नाही म्हणालात. आज पुन्हा विचारते. आजी पडल्या कशा?”

“घसरली,” धाकटा म्हणाला. त्याला ते पाठच होतं. “फरशी ओली होती. आता मी गॅलरीभर रबरी चटई टाकलीय, चांगली जाड. कठडाही छातीपर्यंत वाढवून घेतलाय.”

“घसरू नये म्हणून कठडा वाढवलास?” लेक दात आवळून म्हणाली. “सांग की त्यांना.”

“काय सांगू?”

“तुला माहितीये काय ते.”

“मग तू सांग. तू मोठी आहेस ना?”

तिने तोंड उघडलं. सासरी, शेजारी, आईच्या मैत्रिणींना तिनेही हेच सांगितलं होतं. पडली, घसरली, नशीब म्हणून वाचली. आता दुसरा शब्द जिभेवर येईना. तिने पर्सची चेन ओढली, उघडली, पुन्हा ओढली. चेन कापडात अडकली तशी तिने पर्सच खुर्चीवर आपटली. धाकटा खिडकीबाहेर बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.



चर्र करून आवाज झाला. आईने दंडाचा पट्टा ओढून काढला होता. तो तिने सिस्टरच्या हातात कोंबला आणि कंबरेला हात लावत, कण्हत, कुणाचाही आधार न घेता ती खाटेवर नीट बसली.

“त्या चटईचं कौतुक पुरे झालं, सोन्या,” ती म्हणाली. आवाज पडद्यांना नावं ठेवतानाचाच होता. “फरशी खडखडीत कोरडी होती. उडी मारली मी.”