पहिली किटली

उष्ट्या हाताने कावळा हाकणार नाही, असा तो कॉफीच्या दुकानाचा मालक होता. तरी त्याच्या बायकोने एका गोष्टीसाठी त्याचं सगळं पोटात घातलं होतं. सकाळची पहिली किटली तो विकायचा नाही. "पहिला मान घरच्यांचा," म्हणून वर पाठवायचा. वर म्हणजे दुकानावरच्या दोन खोल्यांत. तिथे त्यांची गरोदर सून राहायची. मुलगा बोटीवर नोकरीला, म्हणून सुनेचं सगळं मालकीणच बघायची आणि किटलीही स्वतः वर न्यायची. डॉक्टरीणबाईंनी दिवसाला एक कप चालेल म्हटलं होतं. तो एक कप सून मिटक्या मारत प्यायची आणि उरलेली मालकीण संपवायची.

पण सुनेचं रक्त काही वाढेना. लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिकं झाली. पोटात कळा यायच्या, तोंडात सारखी नाणं चोखल्यासारखी चव. दिवस गेलेत, व्हायचंच असं, म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र रक्त वेगळ्या तपासणीला पाठवलं आणि त्यात शिसं निघालं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. शिसं हाडांत घर करतं, आईच्या रक्तातून बाळापर्यंत जातं, आणि बाळाच्या मेंदूला जे होतं ते भरून येत नाही. किती झालं, ते मूल मोठं होईल तेव्हाच कळणार.

भिंतींचा रंग तपासला, भांडी तपासली, नळाचं पाणी तपासलं. सगळं साफ. उरलं ते दुकानातलं जुनं पितळी मशीन. त्याला काय धाड भरलीय, असं मालक म्हणत राहिला, पण मालकिणीने ऐकलं नाही. तिने मशीनच्या मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीने तोटी काढून काउंटरवर ठेवली. आत हिरवट-पांढरा थर साचला होता आणि त्यावर कॉफीचा काळा, बुळबुळीत चिकटा. वास तर असा की मालकिणीने नाकाला फडकं लावलं. हे आपण रोज प्यायलो, वर ओठ चाटले, असं तिच्या मनात आलं.

मिस्त्रीने आतला सांधा दाखवला. कुणीतरी कधीकाळी शिशाचा डाग देऊन तो जोडला होता. रात्रभर पाणी त्याला लागून राहायचं.

"मागच्या खेपेला मी मालकांना बजावलं होतं," तो म्हणाला. "तोटी बदला. आणि बदलेपर्यंत सकाळची पहिली किटली मोरीत ओता, शिसं उतरतंय तिच्यात."

मालकीण नवऱ्याकडे वळली. विसरला असेल, असंच तिला वाटलं. विसरलेल्या माणसाला चार शिव्या देऊन मोकळं तरी होता येतं.

"विसरेन कसा?" मालक उलट दुखावला. "गिऱ्हाइकाला त्यातला एक कप दिला नाही मी. दुकानाचं नाव आहे."

"म्हणून आमच्या घशात ओतलीत?"

"भरलेली किटली फेकून द्यायची? घरात थोडं इकडंतिकडं चालतं."

"आणि तुम्ही?"

"मी दुसरीतली घ्यायचो," तो म्हणाला, आणि काउंटर पुसायला लागला.

त्याचा तो नीट घडी केलेला टॉवेल, ती कापलेली स्वच्छ नखं, सगळ्याचीच तिला किळस आली. या माणसाच्या ताटात ती जेवली होती. गिऱ्हाइकाला जे द्यायला लाज वाटते ते याने मान म्हणून वर पाठवलं, आणि आपण हमालासारखं ते जिन्याने वाहिलं.

वर जाऊन तिने सुनेला सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता. सून रडली नाही. बाळाला किती पोचलं असेल, एवढंच तिने विचारलं. तिने सुनेची बॅग भरली, मग स्वतःची भरली. सुनेच्या आईकडे जायचं ठरलं.

दोघी खाली उतरल्या तोवर मिस्त्रीने नवी तोटी बसवली होती. मालक जिन्याशी कप घेऊन उभा होता.

"हे बघ, नव्या तोटीतली पहिलीच," तो म्हणाला. "आता अगदी साफ आहे. सूनबाईला दे, जाण्याआधी घेऊ दे."

"आधी तुम्ही प्या," मालकीण म्हणाली.

त्याने मिस्त्रीकडे पाहिलं, मग कपाकडे.

"दुसरी निघू दे," तो म्हणाला. "मी तिच्यातली घेतो."