शेंदराखालचं नाव

मी एक लोखंडी टोप बोलतोय. हसू नका, भात शिजवायचा टोप नव्हे, सैनिकाच्या डोक्यावरचा. काशीचीही पहिल्या दिवशी अशीच फसगत झाली होती. "अवं, येवढ्या लांबून आनलं काय, तर टोप?" असं म्हणून तिनं नवऱ्यासमोर कपाळाला हात लावला होता.

माझा जन्म कॅनडातला. मोटारींचे दिवे बनवणारा एक कारखाना होता. दुसरं महायुद्ध पेटलं आणि दिवे घडवणारे हात टोप ठोकू लागले. माझा धनी एल्मर होब्लिन, गव्हाच्या सपाट मुलखातला एकवीस वर्षांचा पोरगा. त्यानं माझ्या आत पांढऱ्या रंगानं आपलं नाव आणि नंबर रंगवला. रंगवताना शाळकरी पोरासारखी जीभ बाहेर काढली होती. अक्षर मात्र अगदी सुरेख आलं.

सिसिलीच्या किनाऱ्यावर आम्ही उतरलो तेव्हा रणरणतं ऊन होतं. एल्मर माझ्यातच पाणी घेऊन दाढी करायचा. डिसेंबरात इटलीच्या मोरो नदीवर पोचलो, तिथे मात्र नुसता चिखल. कॅनडाची फौज नदी ओलांडून ओर्तोना गावाकडे सरकत होती आणि तिच्या डाव्या हाताला हिंदुस्थानी फौज लढत होती. पुढे त्या गावात कॅनडाचे जवान रस्ते सोडून भिंतींना भोकं पाडत घराघरातून पुढे गेले आणि नाताळच्या आठवड्यात त्यांनी गाव घेतलं म्हणे. ते ना मी पाहिलं, ना एल्मरनं.

त्याआधीच एका द्राक्षमळ्यात आमच्यावर तोफगोळे पडू लागले. एल्मरनं चरात उडी टाकली. तिथे मराठा पलटणीचा एक जवान पडला होता. निरोप घेऊन आलेला, डोकं उघडं, मांडीतून रक्ताची धार. तो म्हणजे भिवंडीजवळच्या दापोड्याचा राघो. एकाला दुसऱ्याचा शब्द कळेना. एल्मरनं त्याची मांडी आवळून बांधली, मला काढून त्याच्या डोक्यावर दाबून बसवलं आणि स्ट्रेचर आणायला धावला. तो मळ्याच्या कडेपर्यंतही पोचला नाही. टोपाचं काम डोकं वाचवायचं. मी ते केलं, पण दुसऱ्याचं.

राघोनं मला गावी आणलं. अवेळी गेलेल्या माणसाला आमच्याकडे वीर म्हणून पुजतात. राघोनं मला शेताच्या बांधावर करंजाखाली उताणं मांडलं आणि सांगितलं, "ह्यो माजा वीर हाय." दर सर्वपित्रीला घरच्या पितरांशेजारी एक पान एल्मरचं असे. कावळा शिवेपर्यंत राघो उपाशी उभा राही. कोणी नाव विचारलं की म्हणे, "नाव आत हाय. जातंय कुठं?" त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं असं त्याच्या मनातही आलं नाही. देवाला कोणी नाव विचारतं का?

शेंदूर लावायचं काम राघोच्या बायकोचं, काशीचं. "दगडाला नाव नस्तं, याला हाय," ती म्हणायची, "मंग शेंदूर नावालाच लावाचा." बोट तेलात बुडवून ती एल्मरच्या अक्षरांवरून इतक्या हळुवार शेंदूर फिरवी की मला त्याची आई आठवे, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. वर्षावर वर्ष, थरावर थर, आणि नाव खाली गडप. राग तरी कोणावर धरू?

काशी गेली. दापोड्यात भाताच्या जागी गोदामं उगवली. राघोच्या मुलानं, हिरामणनं, बांधासकट शेत गोदामवाल्याला दिलं. मला हलवायची वेळ आली तेव्हा त्याची लेक मेघाली भिवंडीच्या सायबर कॅफेतून धावतच घरी आली. "आजोबा, कॅनडाच्या सगळ्या शहीद सैनिकांची नावं कॉम्प्युटरवर आहेत! नाव नि नंबर द्या, कबर दाखवते. घरचेपण सापडतील कदाचित."

राघोनं ऐंशी ओलांडली होती, डोळे गेले होते. पण तो ताडकन उठून बसला. "मना त्याच्या घरच्यांना सांगाचा हाय, तो कसा गेला. माज्याबिगर कोनी बघला न्हाय. मी गेलो का संपला."

हिरामणनं रॉकेलचा बोळा घेतला. राघो म्हणाला, "सावकाश. देवाचा शेंदूर कसा खोळीसारखा उतरतो, तसाच उतरंल."

तसाच उतरला. अख्खी लाल खोळ सुटून आली आणि तिच्या पाठीला चिकटून माझा पांढरा रंगही आला. मेघालीनं ती उजेडात धरायला उचलली, तर तिच्या बोटांत भुगा झाला. माझ्या आत उरला गंज.

"काय लिवलंय?" राघोनं विचारलं. त्यानं मला मांडीवर घेतलं, आत हात फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला. मग मलाच म्हणाला, "बोल रं बाबा. कोन तुजा धनी?"

मला ते नाव ठाऊक होतं. लोखंडाला माहीत असून काय उपयोग?

आता मी हिरामणच्या नव्या बंगल्याच्या माळ्यावर, जुन्या कुलरशेजारी पडून आहे. करंज गेला, राघोही गेला. सर्वपित्रीला एल्मरचं पान कोणी मांडत नाही आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. माझी विनवणी एवढीच: ज्याच्यावर जीव आहे त्याचं नाव आधी तोंडपाठ करा, पूजा मागाहून.

मात्र राघो जाण्यापूर्वीची एक दुपार सांगायची राहिली. मोरो नदीकाठी कॅनडाच्या जवानांचं कबरस्तान आहे, हजाराच्या वर कबरी. मेघालीनं ती सगळी नावं छापून आणली. "आजोबा, यातला एक तो असेल. पण कोणता, ते आता कळायचं नाही."

"सगली वाच," राघो म्हणाला. "एखांदं नाव कानाला लागंल."

मी त्याच्या मांडीवर होतो. ती अडखळत वाचत गेली, तो प्रत्येक नावाला मान हलवत गेला. उन्हं अंगणात आली तेव्हा तिनं पान उलटलं आणि वाचलं, "होब्लिन, एल्मर. वय एकवीस."

इतक्या वर्षांत ते नाव मोठ्यानं कोणी उच्चारलं नव्हतं. राघोचा हात माझ्यावरच होता. मी जीव तोडून ओरडलो असतो, पण मला तोंड कुठलं?

बाकीच्या नावांना हलवली तशीच राघोनं मान हलवली.

"फुडं वाच, पोरी."